दिनविशेष : २३ ऑगस्ट १८५६

अमेरिकेतील ऑल्बनी येथे विज्ञानसभेत युनिस फूट यांचा निबंध वाचला गेला. वाचला तो जोसेफ हेन्री यांनी. फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून, आत तापमापक ठेवून ती उन्हात मांडली होती. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे साध्या हवेच्या नळकांड्याहून स्पष्टपणे जास्त तापले, आणि सावलीत आणल्यावर निवायला त्याला कितीतरी पट वेळ लागला. या वायूचे वातावरण असते तर पृथ्वी अधिक उष्ण असती, हा त्यांचा निष्कर्ष. केवढी ही झेप!

मात्र सूर्यप्रकाश आणि तापलेल्या जमिनीतून निघणारे अवरक्त किरण यांतला फरक त्या प्रयोगातून कळणे शक्य नव्हते. तो भाग १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी उलगडला : नायट्रोजन व ऑक्सिजन हे किरण जवळजवळ अडवत नाहीत, बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतात. पुस्तकांत टिंडलच राहिले. फूट यांचे काम २०११ मध्ये रे सोरेन्सन या निवृत्त भूवैज्ञानिकाने पुन्हा उजेडात आणले, ही दिरंगाई खटकतेच.

फूट यांच्या काळी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे.