कॅप्टन सामंत आणि प्लासीचे पाणबुडे

भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांपुढे आरमाराची कथा कशाला, असे कुणी म्हणेल. दर्या घाटापलीकडे राहिला! परंतु १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, तेव्हा स्वराज्याची राजधानी आमच्याच राजगडावर होती. त्या जुन्या नात्याने आज आम्ही कॅप्टन मोहन नारायणराव सामंत यांचे स्मरण करीत आहोत.

सामंत हे पाणबुडीवरचे अधिकारी. ४ सप्टेंबर १९६९ रोजी सोव्हिएत संघातील रिगा बंदरात ‘करंज’ ही पाणबुडी आपल्या नौदलात दाखल झाली. तिचे ते पहिले कप्तान. १९७१ च्या मार्चअखेर पूर्व बंगालवर आकाश कोसळले. त्या सुमारास फ्रान्समधील तुलाँ येथे असलेल्या एका पाकिस्तानी पाणबुडीवरून आठ बंगाली नौसैनिक निसटले व भारतात आले. त्यांना हाताशी धरून प्लासीनजीक भागीरथीकाठी गुप्त छावणी उभी राहिली. मुख्यालयातून सूत्रे हलवीत ते सामंत. छावणीत शिकवीत ते पाणबुड्यांच्या विद्येत मुरलेले लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस.

शिकणारे कोण? पुष्कळसे विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची पोरे. जवळ एक सुरा आणि छातीशी बांधलेला, जहाजाच्या बुडाला लोहचुंबकाने चिकटणारा सुरुंग. कलकत्ता आकाशवाणीवर ठरलेले गाणे लागले, हीच त्यांची खूण. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर व नारायणगंज येथे हे तरुण पाण्यात उतरले. एकाच रात्रीत चारही ठिकाणी स्फोट झाले, जहाजे बुडाली, आणि शत्रूची जलमार्गाची रसद धोक्यात आली.

डिसेंबरात सामंत स्वतः लहान नौकांचा तांडा घेऊन मोंगला-खुलन्यावर चालून गेले. १० डिसेंबरला घात झाला. आपल्याच विमानांनी चुकून ‘पद्मा’ व ‘पलाश’ या नौका बुडविल्या. उरलेली ‘पनवेल’ही संकटात होती; तरी सामंतांनी पाण्यात पडलेल्या अनेकांना वर घेतले. या मोहिमेबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले.

शत्रूचा वार झेलणे सैनिकाला शिकविलेले असते. स्वकीयांच्या चुकीचा वार झेलून, कडवटपणा बाजूस ठेवून कर्तव्य करणे फार अवघड. छावणीची हकीकत पुढे कित्येक वर्षे गुप्तच राहिली. मार्च २०१९ मध्ये सामंत निवर्तले. त्यांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेले या मोहिमेवरील पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्यामागे निघाले.

भाटघरच्या पाण्यात पोहणाऱ्या आमच्या मुलांना ही कथा सांगितली पाहिजे. प्लासीची ती पोरेही नदीतच पोहायला शिकली होती.