दहांतले सात, शंभरांतले सत्तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा तक्त्यांत काही आकडे कंसात असतात आणि काही ठिकाणी आकड्याऐवजी नुसती तारका असते. कंसातला आकडा २५ ते ४९ नोंदींवरून काढलेला असतो. नोंदी २५ पेक्षा कमी असतील, तर टक्केवारी छापतच नाहीत. मी मूळचा शहाद्याचा. नंदुरबारची माहिती शोधताना अशा तारकांची मला चीड यायची. आकडा लपवला आहे असं वाटायचं. त्यामागे तीनशे वर्षांचा विचार आहे, हे मला माझ्याच चुकीमुळे कळलं.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर काम करणाऱ्या एका गटासाठी मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. वजनाला आलेल्या मुलांपैकी किती टक्के कमी वजनाची, त्यावरून पाड्यांची यादी लागे. वरचे पाडे लाल, खालचे हिरवे. यादीच्या दोन्ही टोकांना कायम सर्वांत लहान पाडेच यायचे. या महिन्यात लाल असलेला पाडा पुढच्या महिन्यात हिरवा व्हायचा. लाल पाड्यावरच्या ताईंना मात्र दर वेळी जाब द्यावा लागे.

याचं उत्तर बाझलचा गणितज्ञ याकोब बर्नुली याच्या ग्रंथात आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापला गेला. नमुना वाढवत नेला, की त्यातलं प्रमाण खऱ्या प्रमाणाच्या जवळ असण्याची शक्यता वाढते, हे त्याने सिद्ध केलं. समजा, खरं प्रमाण निम्मं आहे. दहा मुलं पाहिली, तर सात किंवा अधिक कमी वजनाची निघण्याची शक्यता १७ टक्के. म्हणजे सहांतला एक पाडा निव्वळ योगायोगाने लाल! चाळीस मुलांत २८ किंवा अधिक निघण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. शंभरांत सत्तर किंवा अधिक, हे पंचवीस हजारांत एखाद्याच वेळी घडेल. तिन्हीकडे टक्के सत्तरच.

नमुना कुठल्या गटातून किती घ्यावा, याचं शास्त्र येर्झी नेमन यांनी १९३४ साली मांडलं. तेव्हा साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकत होते. परतल्यावर १९४०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नजरेने ठरणाऱ्या आणेवारीला पर्याय म्हणून यादृच्छिक निवडीने पीक कापणीचे प्रयोग देशभर रुजवले.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २००५-०६ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातली सुमारे १ लाख ९ हजार घरं होती, आणि त्यातून राज्यांचं चित्र मिळे. २०१५-१६ मध्ये घरं सहा लाखांवर गेली, कारण आता प्रत्येक जिल्ह्याचं उत्तर हवं होतं. अचूकता नमुन्यातल्या संख्येवर ठरते, लोकसंख्येतल्या वाट्यावर नाही. सोळा लाखांच्या नंदुरबारला त्याच अचूकतेसाठी जवळजवळ पुण्याइतकीच घरं लागतात. शिवाय चूक निम्मी करायची, तर घरं चौपट.

मी सॉफ्टवेअर बदललं. शेजारचे पाडे आणि तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र केल्या. तरीही नोंदी २५ पेक्षा कमी असल्या, तर तारका. लाल-हिरवा रंग काढून टाकला. कमी वजनाच्या मुलांची नावं मात्र तशीच ठेवली. त्या सात घरी जायला टक्केवारी लागत नाही.