साखर, श्रम आणि अंगावरचे वजन

साखर कमी केली तर वजन उतरते काय, हा प्रश्न हल्ली घाटकोपर-मुलुंडच्या आणि अंधेरी-बोरिवलीच्या कोणत्याही कँटीनमध्ये ऐकू येतो. खरे तर तो डॉक्टरांनी सोडवावयाचा आहे. मग कामगार चळवळीतल्या माणसांनी त्यात का पडावे? आमचे उत्तर असे की, ज्या वस्तूसाठी कामगारांच्या दोन पिढ्या रांगेत उभ्या राहिल्या, तीच वस्तू सोडून दे म्हणून तिसऱ्या पिढीला सांगितले जात आहे. हे कसे घडले ते समजल्याशिवाय त्या उपदेशाचे खरे मोल कळणार नाही. म्हणून आम्ही आधी इतिहासाकडे वळतो आणि मग तराजूकडे येतो.

आमच्या आज्या पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. ज्या बेटावरून ती साखर मुंबईच्या बंदरात उतरे, त्याचेच नाव मालाला चिकटले. पुढे जावाची साखर आली. गरिबाच्या घरात रोजचा गोडवा गुळाचा. साखर पाहुण्यासाठी, आजाऱ्यासाठी आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यासाठी. १९३२ साली साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला, परदेशी साखरेवर जबर जकात बसली, आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखान्यांची संख्या चौपट झाली. त्यानंतर नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. ज्या महाराष्ट्रात साखर बोटीने येत होती, तो महाराष्ट्र आज देशातील आघाडीच्या दोन साखर-राज्यांपैकी एक आहे. हे कर्तृत्व मोठे आहे, आणि ते उणे लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

पण साखर पिकली म्हणजे ती कामगाराच्या पोटात गेलीच असे नव्हे. तिथे ती चहाच्या पाठीवर बसून गेली. चहाचा खप हिंदुस्थानात वाढावा म्हणून मळेवाल्यांच्या मागणीवरून १९०३ साली चहावर उपकर बसविण्यात आला. त्या पैशातून प्रचार झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यांत, खाणींत आणि गिरण्यांत चहाची दुकाने निघाली. दमलेल्या माणसाला गरम गोड घोट मिळाला की हुशारी येते, हे मालकांच्याही ध्यानात आले. भाकरीला वेळ लागतो. चहाला पाच मिनिटे पुरतात. मुंबईच्या कामगार कचेरीने जीवनमानाच्या खर्चाचा निर्देशांक काढावयास आरंभ केला, तेव्हा त्यात धान्य, मीठ, दूध यांबरोबर चहा, गूळ आणि साखर यांनाही जागा द्यावी लागली. म्हणजे ज्या आकड्यांवर पुढे महागाई भत्त्याच्या लढाया झाल्या, त्यांतही साखर विरघळलेली होती.

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. युद्ध संपले, स्वराज्य आले, पण साखरेची रांग काही संपली नाही. १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रण उठले, भाव भडकले आणि १९४९ मध्ये नियंत्रण परत आले. याच काळात उपनगरांचा कायापालट होत होता. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली शहराची हद्द वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत आली, आणि त्या जमिनींवर कारखाने व चाळी उभ्या राहिल्या. १९६७ पासून थोडी साखर स्वस्त दरात कार्डावर आणि उरलेली खुल्या बाजारात, अशी दुहेरी व्यवस्था झाली. ‘लेव्हीची साखर’ हा शब्द आमच्या वयाच्या प्रत्येकाला पाठ आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या महागाईविरोधी समितीने लाटणी हाती घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे काढले, तेव्हा संसाराला लागणारे जिन्नस रास्त भावाने मिळावेत, हीच मागणी होती. कारखान्यांवरचे लेव्हीचे बंधन २०१३ साली उठले. म्हणजे सत्तर वर्षे साखर ही सरकारच्या, मालकाच्या आणि गृहिणीच्या हिशेबातील वस्तू होती. ‘कमी खा’ असे कोणी म्हणाले असते, तर ती काटकसरीची भाषा वाटली असती, आरोग्याची नव्हे.

आमच्या संघटनांचाही यात वाटा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेपेक्षा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कँटीन मागण्याचा आधार दिला, आणि आम्ही लोकांनी त्याचा उपयोग केला. पातळ, अगोड चहा म्हणजे मालकाचा कंजूषपणा, असे समीकरण होऊन बसले. ज्या काळात माणूस आठ तास उभा राहून लोखंड उचलीत होता, त्या काळात हे समीकरण चूक नव्हते. त्याच्या घामात ती साखर जळून जात होती.

आता तराजूकडे येऊ. चहाचा एक चमचा साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजेच २० उष्मांक. दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकी दोन चमचे धरले, तर ६० ग्रॅम साखर आणि २४० उष्मांक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकंदर उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. म्हणजे लाडू-जिलेबीला हात न लावताही आमचा चहाबाज माणूस ती ओलांडतो.

मग साखर सोडली की वजन उतरते काय? न्यूझीलंडच्या संशोधकांनी अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब करून तो २०१३ साली प्रसिद्ध केला. ज्यांनी साखर कमी केली आणि बाकीचे जेवण आपल्या भुकेप्रमाणे ठेवले, त्यांचे वजन सरासरीने सुमारे ८०० ग्रॅम उतरले. ज्यांनी वाढविली, त्यांचे जवळजवळ तेवढेच चढले. परंतु साखर काढून तिच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पिठूळ अन्न दिले, तेथे वजनात फरक पडला नाही. या दोन वाक्यांत सारे उत्तर आहे. साखरेत वजन वाढविण्याची वेगळी जादू नाही. ती सहज, नकळत आणि भूक न भागविता पोटात जाते, विशेषतः चहा-सरबतांतून, हीच तिची खोड आहे. म्हणून ती कमी करणे उपयोगाचे आहे. पण चहा फिका करून वर एक वडापाव अधिक खाल्ला, तर जमा आणि खर्च सारखेच राहतात.

येथे दोन भ्रम दूर केले पाहिजेत. गूळ देशी आहे म्हणून तो अंगी लागत नाही, ही समजूत खरी नाही. तोलाला तोल धरला तर गुळाचे उष्मांक साखरेच्या आसपासच भरतात. दुसरे, साखरेऐवजी गोड गोळ्या टाकल्या की काम झाले, असेही नाही. वजन ताब्यात ठेवण्याचे साधन म्हणून त्या वापरू नयेत, असा सल्ला त्याच जागतिक संघटनेने २०२३ साली दिला आहे.

पण केवळ चमच्याला दोष देऊन आम्ही थांबणार नाही. १९५६ साली जाँ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील ज्यूट गिरणीतील २१३ माणसांचा आहार, वजन आणि काम यांची तुलना केली. जड काम करणारे अधिक खात आणि तरी अंगाने सडपातळ राहात. बैठे काम करणारे कारकून आणि दुकानदार मात्र श्रम कमी म्हणून कमी खात नव्हते. उलट पुष्कळ खात आणि वजनाने भारी असत. श्रम एका मर्यादेखाली गेले की भुकेचा काटा बिघडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता आमची उपनगरे पाहा. लालबहादूर शास्त्री मार्गावर जेथे भोंगे वाजत, तेथे मॉल आणि मनोरे उभे आहेत. पार्ल्याचा १९२९ साली सुरू झालेला प्रसिद्ध बिस्किट कारखाना २०१६ साली बंद झाला. ज्या घरातला बाप यंत्रावर उभा राहात होता, त्या घरातला मुलगा बारा तास पहारेकऱ्याच्या खुर्चीत, रिक्षाच्या सीटवर किंवा संगणकापुढे बसून असतो. लोकलमध्ये तीन तास जातात, झोप तुटते, आणि जागे राहण्यासाठी पुन्हा तोच गोड चहा. श्रम गेले, पण श्रमिकाचा चहा तसाच राहिला. याला केवळ जिभेचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल.

आणखी एक गोष्ट इतिहासानेच शिकविली आहे. ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग १९५३ साली संपले आणि खप झपाट्याने वाढला. त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या लोकांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली होती, त्यांच्यात मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. तेव्हा साखर आवरण्याचा लाभ केवळ कमरेच्या पट्ट्यावर मोजू नये. घरातल्या तान्ह्या मुलाच्या वाटीपासून तो हिशेब सुरू होतो.

तात्पर्य, साखर कमी केल्याने वजन उतरते, पण थोडे, आणि तेही तिची जागा दुसऱ्या खाण्याने भरून काढली नाही तर. बाकीचे काम चालण्याने, झोपेने आणि कामाच्या बऱ्या तासांनी करावयाचे आहे. पूर्वी आम्ही चहात साखर मागितली. आता चहा बिनसाखरेचा यावा आणि साखर वेगळ्या वाटीत असावी, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावी, अशी मागणी करावी. त्याला मालकाचा एक पैसाही जादा लागत नाही. त्याच अर्जात दुसरे कलम आठ तासांच्या पाळीचे आणि तिसरे पाय मोकळे करण्याच्या सुट्टीचे घालावे. पहिले कलम ज्याच्या त्याच्या हातचे आहे. पुढची दोन मिळवावयास सगळ्यांना एकत्र यावे लागेल.