लायब्ररीसाठी इंटरॅक्टिव्ह ट्युटोरियल बनवायचंय? टूल असं निवडा

कॉलेजच्या लायब्ररीचा कॅटलॉग ऑनलाइन असतो, पण तो वापरायचा कसा हे सांगणारी बहुतेक वेळा एक पीडीएफच असते. ती कोण वाचतं? इंटरॅक्टिव्ह ट्युटोरियल तुम्हाला स्वतः शोधायला लावतं आणि चुकलात तर लगेच सांगतं. ग्रंथपालांनी असं ट्युटोरियल बनवायचं काम तुमच्यावर सोपवलं, तर फीचर्सची यादी बघण्याआधी एक ठरवा: सराव खऱ्या कॅटलॉगवर करून घ्यायचा की स्क्रीनशॉटवर?

खऱ्यावर करायचा असेल तर 'गाइड ऑन द साइड' हे ओपन सोर्स टूल आहे. ते अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या लायब्ररीने बनवलं. एका बाजूला सूचना, शेजारी खरी वेबसाइट. कल्पना झकास, पण फोनच्या स्क्रीनवर दोन खिडक्या मावत नाहीत. शिवाय बऱ्याच साइट सुरक्षेसाठी दुसऱ्या पानाच्या आत उघडायलाच नकार देतात.

कॅप्टिव्हेट आणि स्टोरीलाइन दिसायला देखणी, पण पैसे मोजावे लागतात आणि मूळ फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. लायसन्स संपलं की दुरुस्ती थांबली. (फ्लॅशमध्ये बनवलेल्या ट्युटोरियलचं २०२० अखेर काय झालं आठवतंय ना? अडोबीने सपोर्टच बंद केला.)

मी एचफाइव्हपी निवडेन. फुकट, ओपन सोर्स, वर्डप्रेस आणि मूडल दोन्हींत चालतं. सर्व्हर नसेल तर 'लुमी' हे ॲप कॉम्प्युटरवर टाका. त्यातून ट्युटोरियल एकाच एचटीएमएल फाइलमध्ये निघतं. फक्त अशा फाइलमधून कोणाला किती मार्क मिळाले हे तुमच्यापर्यंत आपोआप पोचत नाही.

दोन खिडक्यांची अडचण यातही सुटते. कॅटलॉगची लिंक नव्या टॅबमध्ये उघडू द्या आणि ज्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय मिळणारच नाही असा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, 'अमुक पुस्तकाचा वर्गांक काय?' त्यासाठी 'रिकाम्या जागा भरा' हा प्रकार वापरा. ड्रॅग अँड ड्रॉप मात्र टाळा, छोट्या स्क्रीनवर अंगठ्याने ओढताना वैताग येतो.

उत्तर भरताना एक काळजी घ्या. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. कोणी तो मराठी अंकांत टाइप करेल, कोणी इंग्रजी. दोन्ही रूपं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहा, नाहीतर बरोबर उत्तरालाही ट्युटोरियल 'चूक' म्हणेल.