नारायणगावची विठाबाई

आमच्या हिंगोलीकडे माणसे रात्रभर जागतात ती दोन गोष्टींसाठी. एक कीर्तन आणि दुसरा तमाशा. कीर्तनाला जाणारा घरात सांगून जातो. तमाशाला जाणारा घोंगडे काखेत मारून 'जरा मळ्यात जाऊन येतो' म्हणून निघतो. नर्सीच्या नामदेवांचा हा मुलूख, तेव्हा कीर्तनाचा मान मोठा असणे योग्यच आहे. परंतु तमाशाचे वेडही इथे काही थोडे नाही, आणि त्या वेड्यांतलाच मी एक आहे हे मास्तरकीची भीड बाजूला ठेवून सांगतो. माझे या बाबतीतले दैवत एकच : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

बाईने बोर्डावर येणे ही तमाशात फार जुनी गोष्ट नव्हे. पूर्वी लुगडे नेसून मुलगेच नाचत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. पुढे हिवरगावची पवळा आली. तमाशापायी रेठऱ्याच्या श्रीधर कुलकर्ण्याने घरदार आणि सोवळे सोडले, आणि तो पठ्ठे बापूराव झाला. हे बापूराव १९४५ साली वारले, तेव्हा विठा दहा वर्षांची पोर होती.

तिचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. गाव पंढरीचे आणि मुलगी विठा. नाव शोधायला कुणाला लांब जावे लागले नसावे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला होता. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने चालवला. या नावाचे मला नेहमी नवल वाटते. ज्या जातीला गावाने वेशीबाहेर ठेवले, ती जात त्यांनी फडाच्या पाटीवर लिहिली, आणि वेशीच्या आतली माणसे तीच पाटी वाचून कनातीत शिरली. शाळेत विठाचे मन रमले नाही. बोर्डावर मात्र पाठ म्हणून दाखवण्याची तिला कधी गरज पडली नाही.

घरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. संगीत बारीत लावणी हाच मुख्य माल. ढोलकी फडाचे तसे नसते. आधी गण, मग गवळण, मग सोंगाड्या आणि मावशीची ती चावट बतावणी, मग लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे पुरते नाटक. ज्या बाईने दोन घटकांपूर्वी राधा होऊन कृष्णाला अडवले, तिनेच आता राणी व्हायचे, आणि पहाटेपर्यंत माणसांना रडवायचे. गळा, पाय आणि अभिनय, तिन्ही एकाच अंगात लागतात. पुष्कळ जणींजवळ यांतले एक असते, काहींजवळ दोन. विठाबाईंजवळ तिन्ही होती, आणि शिवाय चौथी एक गोष्ट होती : लोकांच्या डोळ्याला डोळा देण्याची हिंमत.

मी त्यांना बोर्डावर पाहिलेले नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या ध्वनिफिती. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवर एक टेप होता, आणि गिरणीच्या घरघरीतूनही तो आवाज वर निघत असे. जाडसर, किंचित घोगरा, शब्द दाताखाली धरून सोडणारा. दळण घेऊन आलेल्या बाया तो ऐकत. माझी आईही त्यांत असे. तिने तमाशा कधी पाहिला नाही; त्या काळी घरच्या बाईने पाहायचा नसे. पण जत्रेत फड उतरला की रात्री माळवदावर पडल्या पडल्या गावातल्या साऱ्या बाया ढोलकी ऐकत, आणि वाऱ्याने गाणे तुटले की एकमेकींना पुढची ओळ सांगत. आमच्या तमाशाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा कनातीबाहेरचा श्रोता कुठे नोंदवलेला मला दिसला नाही.

वडिलांनी मात्र विठाबाईंना पाहिले होते, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. ते म्हणत, ''बाई गायला लागली की पार मागं बसलेल्या गड्यालाबी वाटायचं, ही मलाच सांगायलीय.'' यापलीकडे त्यांना वर्णन करता येत नसे, आणि मलाही याहून चांगले करता आलेले नाही.

विठाबाईंचे नाव निघाले की एक हकिकत निघतेच. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर होत्या. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा चाळ बांधून पुढच्या खेळाला उभ्या राहिल्या. मघाचे भरलेले पोट कुठे गेले, असे लोकांनी विचारले. खरा प्रकार कळल्यावर त्याच लोकांनी हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला.

वडील ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांचा ऊर भरून येई. 'काय कलेची निष्ठा!' असे ते म्हणत. इथे माझे त्यांच्याशी कधी जमले नाही. मला तीत निष्ठेइतकीच सुपारी दिसते. फड म्हणजे काय? ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये, सोंगाड्या, नाचणाऱ्या पोरी, कनाती ठोकणारे गडी, आचारी, गाडीवान. दसऱ्याला निघायचे ते अक्षय्य तृतीयेच्या आसपास परतायचे, आणि पावसाळ्यात उचल घेऊन खायचे. ती उचल पुढच्या हंगामात फेडायची. नारायणगावी पाडव्याच्या सुमारास आजही फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, घासाघीस करतात, सुपारी देतात. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे. नाही झाला तर पैसा बुडतो, कधी कनात फाडली जाते, कधी दगड येतात. एका बाईच्या पायांवर एवढी चूल पेटलेली असताना तिने बाळंतपणाची रजा मागायची कुणाकडे? मला मास्तराला रजेचा अर्ज करता येतो. तिच्यापुढे फक्त शिट्ट्या होत्या.

म्हणून त्या रात्री मला बाईंइतकेच ते प्रेक्षकही आठवतात. पैसे देऊन आलेल्या माणसांनी 'बस्स कर बाई' म्हणावे, याहून मोठी दौलतजादा कुठल्या फडावर झाली असेल असे मला वाटत नाही.

सरकारनेही त्यांना ओळखले. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. दोन गौरवांत तेहतीस वर्षांचे अंतर. इतकी वर्षे मराठी माणसाच्या तोंडी एका तमासगिरिणीचे नाव टिकले, हेच तिच्या कर्तबगारीचे माप. मधल्या काळात सिनेमाने लावणी उचलली, तिला रंगीत नऊवारी नेसवली आणि शहरात नेली. फडाच्या वाट्याला मात्र डिझेलचा खर्च आणि ओसरती गर्दी आली. थोरली लेक मंगला बनसोडे आईच्या वाटेने गेली आणि स्वतःचा फड काढून नावारूपाला आली. योगिराज बागुलांनी विठाबाईंचे चरित्र लिहिले आहे, 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा'. ज्यांना कनातीच्या आत जाता आले नाही, त्या आयाबहिणींनी ते या सुटीत जरूर वाचावे. मुलांपासून लपवण्यासारखे त्यात काही नाही.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. अखेरचे दिवस हलाखीचे होते. इस्पितळाचे बिल देणगीदारांच्या वर्गणीतून भागवावे लागले. २००६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना देतात, आणि सोबत रोख रक्कमही देतात.