प्लग-इन हायब्रिड स्पोर्ट्स सेडान: नेमकं काय बिघडतं आणि सेकंडहँड घेताना काय तपासायचं?

उमरीच्या शाळेतला माझा एक मित्र सध्या इंग्लंडमध्ये नोकरी करतो. मागच्या महिन्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका सेकंडहँड गाडीचे फोटो टाकले. २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०ई. खाली एकच ओळ: "चार वर्षांची बचत जाईल, घेऊ का रे?" मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण प्रश्न त्याच्या बचतीचा होता, म्हणून नीट बसून अभ्यास केला. तोच इथे सोप्या भाषेत मांडतोय.

आधी थोडक्यात: ही गाडी असते काय?

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक मोटर आणि बाहेरून चार्ज करता येणारी मोठी बॅटरी, तिन्ही एकाच गाडीत. ३३०ई मध्ये २ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि १२ किलोवॉट-अवरची बॅटरी आहे. मोटर थेट ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत बसवलेली आहे. भारतात या प्रकारातली बीएमडब्ल्यू एम५ नोव्हेंबर २०२४ मध्ये १.९९ कोटी रुपये एक्स-शोरूम किमतीला आली. मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्सही त्याच महिन्यात आली, १.९५ कोटींना. आपल्यासाठी या रीलवर बघायच्या गाड्या, पण परदेशात जुनी ३३०ई नोकरदार माणूस घेऊ शकतो.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था दरवर्षी गाडीमालकांना विचारून अहवाल काढते. २०२३ च्या अहवालात प्लग-इन हायब्रिडमध्ये साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा १४६ टक्के जास्त तक्रारी निघाल्या. २०२४ मध्ये हा फरक ७० टक्क्यांवर आला. गंमत म्हणजे २०२३ मध्येच, प्लग नसलेल्या साध्या हायब्रिडमध्ये तक्रारी २६ टक्के कमी होत्या. म्हणजे हायब्रिड हीच भानगड आहे असं नाही. इथे दोन पूर्ण सिस्टिम एकत्र नांदतात आणि जोड जितके जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त. सॉफ्टवेअरमध्येही बग बहुतेक वेळा दोन मोड्यूल जिथे जोडले जातात तिथेच सापडतो!

नेहमीचे त्रास

१. छोटी १२ व्होल्टची बॅटरी: मोठी बॅटरी फुल असली तरी गाडी "जागी" होते ती १२ व्होल्टवर. मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हीच बॅटरी चालवते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ती उतरते आणि मग स्क्रीनवर भलभलत्या वॉर्निंग येतात. मोठा खर्च सांगितला जाण्याआधी ही बॅटरी तपासून घ्या.

२. चार्जिंगचा भाग: पोर्टचं झाकण, प्लग धरून ठेवणारं लॉक, केबल, गाडीतला चार्जर. केबल अडकणे किंवा चार्जिंग मध्येच थांबणे या सर्रास तक्रारी आहेत.

३. कूलिंग: ३३०ई ची बॅटरी एसीच्या गॅसवर थंड होते. त्यामुळे गॅस गळला तर फक्त तुम्हाला उकडत नाही, बॅटरीलाही उकडतं. मग गाडी इलेक्ट्रिक ताकद कमी करते. थंड देशांत केबिन गरम करणारा हाय-व्होल्टेज हीटर जाणं हाही माहितीतला खर्च आहे.

४. कमी चाललेलं इंजिन: ऐकायला बरं वाटतं, पण इंजिन दोन-तीन मिनिटं चालून पुन्हा बंद होत राहिलं तर ते नीट तापत नाही. थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. वर हायवेवर थंड इंजिनवर एकदम लोड येतो. म्हणून किलोमीटर कमी असले तरी दरवर्षी ऑइल बदलायचं.

५. ब्रेक आणि टायर: वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक डिस्क कमी वापरल्या जातात आणि गंजतात. टायरचं उलटं. एम५ चं वजन २,४०० किलोच्या वर आहे आणि टॉर्क १,००० न्यूटन-मीटर. टायर लवकर संपणारच.

६. कारखान्यातला दोष: ऑक्टोबर २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या २६ हजारांहून जास्त प्लग-इन गाड्या परत बोलावल्या. बॅटरी सेल बनवताना आत कचरा राहिला होता, त्यामुळे शॉर्ट होऊन आग लागायचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका, असं मालकांना सांगितलं गेलं. त्या यादीत ३३०ई होती आणि मित्राची गाडी नेमकी २०२० ची! त्याला पहिलं काम हेच सांगितलं: चॅसिस नंबर टाकून रिकॉलची दुरुस्ती झाली का ते बघ.

घेण्याआधी मोबाइलवर काय तपासाल?

- ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचा. कोड नसले तरी "रेडिनेस" बघा. बऱ्याच टेस्ट अपूर्ण दिसल्या तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता आहे.
- गाडी समोर चार्जला लावा, पूर्ण भरू द्या, मग फक्त इलेक्ट्रिकवर किती किलोमीटर जाते ते स्वतः चालवून बघा. स्क्रीनवरचा अंदाज धरू नका.
- चार्जिंग केबल मागा. नवी आणि कोरी असेल तर मागचा मालक गाडी चार्ज करतच नव्हता, असं समजायला जागा आहे.
- बॅटरीची वॉरंटी किती उरली, ते कागदावर बघा.

आणि गावी असती तर?

मित्राने हेही विचारलं. एम५ च्या बॅटरीत वापरता येण्याजोगे १८.६ किलोवॉट-अवर आहेत. घरच्या सॉकेटवर १० अँपिअरने चार्ज केली तर साधारण नऊ तास लागतील, तेही लाइट सलग राहिली तर. आमच्याकडे खरी अडचण अर्थिंगची. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नीट मिळाला नाही की चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही. तो बिघाड नाही, तुमच्या जिवाची काळजी आहे. अर्थ "बायपास" करून देणारा वायरमन भेटला तर त्याला हात जोडा. वेगळी लाइन, एमसीबी-आरसीसीबी आणि ओला ठेवलेला अर्थिंगचा खड्डा, एवढं हवंच. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. इलेक्ट्रिक स्कूटरलाही हेच लागू.

मग घ्यावी का?

मित्राला मी तीन प्रश्न विचारले. घरी रोज चार्ज करता येईल का? रोजचा प्रवास बॅटरीच्या रेंजमध्ये बसतो का? वॉरंटी शिल्लक आहे का? दोन "हो" आले. तिसऱ्याचं उत्तर डीलरने तोंडी दिलं. मी म्हटलं, "कागद येईपर्यंत टोकन देऊ नको." सध्या तो कागदाची वाट बघतोय आणि बचत अजून खात्यातच आहे.