सुतळी बॉम्बच्या क्षणभराच्या आगीतले वायू कसे ओळखतात?

धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. भुईनळा काही सेकंद जळतो, सुतळी बॉम्ब मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. मग त्या आगीत कोणते वायू तयार झाले, हे कसं कळणार?

त्यासाठी एफटीआयआर, म्हणजे फोरिअर ट्रान्सफॉर्म इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर वापरतात. प्रत्येक वायू ठरावीक अवरक्त लहरी शोषतो किंवा बाहेर टाकतो. हे यंत्र प्रकाशाचे दोन भाग करतं. एक भाग स्थिर आरशावरून, दुसरा सरकत्या आरशावरून परत येतो. दोन्ही एकत्र आले की उजेड कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून गणिताने वर्णपट काढला जातो.

अडचण कुठे येते?

आरसा सरकायला वेळ लागतो. तेवढ्यात ज्वालाच बदलली, तर उजेड आरशामुळे बदलला की आगीमुळे, हे यंत्राला समजत नाही. वर्णपटात खोट्या रेषा येतात आणि नसलेला वायू ‘सापडू’ शकतो.

उपाय काय?

१. वेगवान आरसा: काही मिलिसेकंदांत एक फेरी होते. भुईनळ्यासाठी हे चालतं. पण फेरी आखूड केली तर जवळजवळच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत.

२. टप्प्याटप्प्याने सरकणारा आरसा: प्रत्येक टप्प्यावर तीच घटना पुन्हा घडवतात. यात नॅनोसेकंदांपर्यंत मोजता येतं, पण घटना दरवेळी हुबेहूब तशीच घडायला हवी. फटाका मात्र एकदाच फुटतो.

३. उजेडाची वेगळी नोंद: दुसरा सेन्सर ज्वालेची एकूण चमक मोजतो आणि तिचा परिणाम आकडेमोडीत वजा केला जातो.

४. दोन लेझर ‘कंगवे’: यात आरसा सरकतच नाही. किंचित वेगळ्या लयीचे दोन लेझर मायक्रोसेकंदांत वर्णपट देऊ शकतात. या ‘कंगव्या’च्या तंत्रातील योगदानासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हॅन्श यांना २००५ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा आपल्याशी काय संबंध?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर नागपूरच्या ‘नीरी’ने कमी प्रदूषण करणारे हरित फटाके विकसित केले. फटाका खरोखर कमी प्रदूषण करतो का, हे मोजमापावरच ठरतं. मोजमाप चुकलं, तर निष्पाप मिश्रणावर ठपका येईल आणि घातक मिश्रण सुटेल. त्याची किंमत फटाके बनवणाऱ्यांना आणि धूर घेणाऱ्यांना, दोघांनाही मोजावी लागेल.